चार बोटांचं अंतर

वडिलांच्या उशाशी आठवडाभरातल्या एकवीस चिठ्ठ्या होत्या, सगळ्या मुलीने लिहिलेल्या. “उजव्या कानाशी तोंड नेऊन बोला, ऐकू येईल,” असं डॉक्टर म्हणाले होते, पण तिने चिठ्ठ्यांसाठी वही आणली. तिच्या तोंडाला वास यायचा. तीन दंतवैद्य झाले, फरक पडेना. ऑफिसातही ती मान हलवून काम भागवायची. बाविसावी चिठ्ठी वडिलांनी न वाचताच परत केली. “घरात काय टपाल चालवतेस? कानात बोल की.” तिने लिहिलं, ‘माझ्या तोंडाला वास येतो.’ ते हसले. “तीस वर्षं मासळीच्या गोदामातून घरी यायचो मी. तू दारातच गळ्यात पडायचीस. कधी नाक दाबलंस?” तिने पेन ठेवलं. ती वाकली आणि कानापासून चार बोटांवर थांबली. “बाबा, ऑफिसात माझ्या शेजारी कुणीच बसत नाही.” सातही शब्द त्यांना पहिल्याच खेपेला ऐकू आले.