एक रिकामी खाट

“दातही हिनंच पाडला?” एलोदिया बाईंनी विचारलं.

तार्हेलियानं तोंडापुढे हात धरला आणि होकारार्थी मान हलवली. शेजारी बसलेली तिची मुलगी दामारिस खिडकीबाहेर बघत होती. चौदा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, हात मांडीवर ठेवलेले.

मायलेकी पहाटेच्या बसनं खालच्या केळीच्या मुलखातून डोंगरावर आल्या होत्या. इथल्या थंडीची दोघींनाही सवय नव्हती. त्यात पहाटेच्या जागरणानं तार्हेलियाला बसल्या जागी पेंग येत होती.

कुठल्याच शाळेत न टिकलेल्या मुलांची ही निवासी शाळा, एलोदिया बाई चालवत असलेली. खाटा मोजक्या, आणि सध्या त्यातली एकच रिकामी. अंगणात एक मुलगा शेळीवर ओरडत होता आणि शेळी त्याच्यावर. एलोदिया बाईंनी तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. इतक्या वर्षांत त्यांना आवाजांचं काही वाटेनासं झालं होतं.

“मी हिच्या शाळेत फोन केला होता,” त्या म्हणाल्या. “मुख्याध्यापक म्हणाले, पोरगी गुणाची आहे. कधी आवाज चढवत नाही.”

“शाळेत नाही चढवत, बाई. घरी बघा एकदा. ताटं फेकते. मागच्या महिन्यात आरसा फोडला.”

“वडील काय म्हणतात?”

“सावत्र आहेत. पोलिसात असतात. म्हणाले, ने तिकडे, लागू दे शिस्त.”

एलोदिया बाईंनी डोळे चोळले. “हे बघा ताई, माझ्याकडे जागा एकच आहे. जी पोरं खरंच कुणाला आवरत नाहीत, त्यांच्यासाठी ठेवलेली. ही तर मला अगदी—”

खुर्ची धाडकन उलटली. दामारिसनं टेबलावरचा कप उचलून भिंतीवर मारला.

“भवाने, इथं आणून टाकतेस मला?” ती किंचाळली आणि तिनं आईचे केसच धरले.

आवाज ऐकून दोन शिक्षक धावत आले. त्यांनी तिला सोडवून बाहेर नेलं. बाहेरूनही तिच्या शिव्या ऐकू येत होत्या.

तार्हेलिया केस सारखे करत बसून राहिली. रडली नाही.

“कप नवा होता,” एलोदिया बाई दमल्या आवाजात म्हणाल्या. “असो. राहू दे तिला.”

“उपकार झाले, बाई.”

“आधी नियम ऐका. पोरगी सुधारली असं आम्हाला वाटेपर्यंत तिला घरी पाठवत नाही. नाताळलाही नाही. कुणी न्यायला आलं तरी नाही.”

“तिचे वडील आले तरी?”

“मंत्री आला तरी.”

आता मात्र तार्हेलियाचे डोळे भरून आले. बाईंनी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“सगळ्याच आयांना हे जड जातं हो. पण पोरं सुधारतात. वेळ लागतो, एवढंच.”

“किती?”

“कुणाला वर्ष लागतं, कुणाला चार.”

निरोपासाठी मायलेकींना फाटकापाशी सोडलं. शिक्षक लक्ष ठेवून जरा लांब उभे राहिले. खालच्या वळणावर बस दिसू लागली होती.

 दामारिसनं आईच्या डोक्यावरून हात फिरवला.

“फार जोरात ओढले का गं?”

“नाही.”

“आणि तू? तू एकटी घरी त्यांच्यापाशी…”

“माझं मी बघेन.” तार्हेलियानं स्वतःची शाल काढून तिच्या अंगावर टाकली, ती नीट गुंडाळली आणि तिच्या कानाशी वाकली. “फक्त एवढं कर, बाळा. लवकर सुधरू नकोस.”