तळ्यात दाणा कोण टाकतं

तळ्यात आज पुन्हा दाणे तरंगत होते. पाणी पिऊन फुगलेले, तांबूस. त्यांच्याशेजारी एक मासा आडवा होऊन वर आला होता. त्याचं पोट टम्म झालं होतं.

बोदिलने गुडघे टेकून तो रागारागाने बाहेर काढला. 

जन्मभर तिने गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. गोल्डफिशना हिवाळ्यात कसं जपायचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. नवऱ्याने, प्रेबेनने, वसंतात परसात खड्डा खणला तो तिच्या देखरेखीखाली. आणखी खोल, आणखी खोल, असं ती काठावरून ओरडत होती; उथळ तळं तळापर्यंत गोठतं. पानगळीत तिने वर जाळी ताणली, कुजकी कमळाची पानं छाटली, पंप काढून पुसून ठेवला. बर्फ धरला तरी एक भोक उघडं राहावं म्हणून पाण्यात चेंडू सोडला. आणि गारठा पडताच माशांचं खाणं बंद केलं. थंडीत त्यांचं पोट चालत नाही. खाल्लेलं आतल्या आत कुजतं.

तरी कुणीतरी दाणा टाकत होतं. रोज.

"हा स्वेनच," ती प्रेबेनला म्हणाली. "दुसरं कोण?"

प्रेबेनने मेलेला मासा वर्तमानपत्रात गुंडाळला. "असेल. जाऊ दे ना, बोदिल."

स्वेन कुंपणापलीकडे एकटाच राहायचा. त्याच्या विलोच्या झाडाची पानं तळ्यात पडतात म्हणून दोघांची चांगलीच जुंपली होती. "मासे गोठले की हाक मार," तो तेव्हा हसून म्हणाला होता. "मी पाव आणि लोणी घेऊन येतो." ते हसणं तिच्या मनात सलत होतं. त्यात गेल्या आठवड्यात तिने पाहिलं, प्रेबेन आणि स्वेन कुंपणाशी डोकी जवळ करून कुजबुजत होते. तिला बघताच दोघं गप्प झाले. स्वेनने तर मानच खाली घातली.

म्हणजे प्रेबेनसुद्धा?

तेव्हापासून तिला आपल्याच घरात परकं वाटायला लागलं. जेवताना ती प्रेबेनच्या हातांकडे बघत राहायची. तो खोलीत आला की ती बोलणं थांबवायची. आणि तो काही विचारायचाही नाही, नुसता बघायचा. त्या बघण्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

मेलेला मासा सफरचंदाच्या झाडाखाली पुरून झाल्यावर ती तडक कुंपणाशी गेली. स्वेन लाकडं रचत होता.

"खरं सांग, स्वेन. माझ्या माशांना तू दाणा टाकतोस ना?"

स्वेनने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत प्रेबेन उभा होता.

"हो," स्वेन म्हणाला. "मीच."

"का? काय बिघडवलं रे त्यांनी तुझं?"

स्वेन हातातलं लाकूड उगाच फिरवत राहिला. "मला वाटलं, उपाशी असतील."

"उपाशी! मारतोयस तू त्यांना. एकेकाला मारतोयस. लाज नाही वाटत?"

"चूक झाली," स्वेन म्हणाला.

ती घरी आली ती जिंकून आल्यासारखी. "कबूल केलंन् एकदाचं!" प्रेबेनने मान हलवली आणि तिच्यासाठी कॉफी ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळीकडे ताजा बर्फ पडला होता. बोदिल कोट चढवून परसात आली. चेंडूभोवतीच्या काळ्या पाण्यात दाणे तरंगत होते. अजून फुगलेही नव्हते.

तिने कुंपणाकडे पाहिलं. तिकडचा बर्फ कोरा होता, पाखराचंसुद्धा पाऊल नव्हतं. तिची आत्ताची पावलं सोडली तर पावलांची एकच रांग होती. स्वयंपाकघराच्या दारापासून तळ्यापर्यंत आणि तळ्यापासून परत दारापर्यंत.

"प्रेबेन!" ती किंचाळली.

तो दारात आला. हातात तिची शाल होती. "आत ये. गारठशील."

"तू होतास! आणि बिचाऱ्या स्वेनला..."

बोटं बधिर झाली होती. तिने हात कोटाच्या खिशात घातले, आणि ती थांबली. खिशात दाणे होते. मूठभर. शिवणीत भुगा साचला होता, कितीतरी दिवसांचा.

तिने आठवून पाहिलं. सकाळी ती उठली होती. मग कोट घातला होता. मधे काहीच नव्हतं. फळा पुसावा तसं सगळं स्वच्छ.

"दाण्यांचा डबा कुठे आहे?" तिने हळूच विचारलं.

"दोन डबे मी फेकून दिले," प्रेबेन म्हणाला. "तू नवा आणतेस."

"आणि स्वेन?"

"मीच त्याला विनवलं. तुला कळण्यापेक्षा तू त्याच्यावर राग काढलेला बरा, असं वाटलं मला."

तो शाल घेऊन पुढे आला. तिने ती खांद्यावर घालू दिली, पण घरात गेली नाही. कोऱ्या बर्फातून ती स्वेनच्या दाराकडे चालू लागली. प्रेबेनने हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. हे सगळं डोक्यात होतं तोवर तिला तिथे पोचायचं होतं.

स्वेनने दार उघडलं आणि तिला बघून तो एक पाऊल मागे सरला.

"काल मी तुला नको ते बोलले," बोदिल म्हणाली. "दाणा मी टाकते, स्वेन. आत्ता कळलं मला."

"अगं, बोदिल..."

"मधे बोलू नकोस. उद्यापर्यंत मी हे विसरेन. पुन्हा येईन, पुन्हा ओरडेन तुझ्यावर." तिने चौकट घट्ट धरली. "तेव्हाही हो म्हण."