मासोळीच्या आधीचं पाणी

“उलटून बोलू नको, बाई. घर जसं असन तसं आपलं म्हणजो.”

वरातीच्या ट्रॅक्टरवर चढवताना आईनं कानाशी म्हटलेलं ते वाक्य. आई जाऊन किती पावसाळे लोटले, पण आवाज अजून ओलाच होता. आज दवनीवाड्याच्या आपल्या बैठकीत उभ्या असलेल्या जमुनेला तो पुन्हा ऐकू आला. कारण तिचा नवरा लखनलाल काचेच्या टाकीचं झाकण काढायला निघाला होता.

त्याच्या हातात पाण्यानं फुगलेली प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत दोन मासोळ्या. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे, नव्या लुगड्याच्या काठासारखे.

“पाहुण्याइले रिकामी काच दाखवाची काय?” तो म्हणाला.

पाहुणे सडक अर्जुनीचे. दुर्गाप्रसाद आणि त्याची बायको शामकला. आपल्या मुलासाठी, उमेंद्रसाठी, जमुनेच्या लेकीला, हर्षिताला पाहायला आले होते.

टाकी हर्षिताची. गोंदियाच्या कॉलेजात ती मासोळ्यांचं शिकली आणि नागपुराहून खास मीठ आणून तिनं बैठकीत समुद्र मांडला. जमुनेनं समुद्र कधी पाहिला नव्हता. तिनं बोट बुडवून चाखलं, तर पाणी डोळ्यांतल्या पाण्यासारखं लागलं.

“आई, मासोळीच्या अंगातून जे निघते, तेच तिचं विष होते,” हर्षितानं समजावलं होतं. “ते विष खाणारे बारीक जीव आधी दगडात वस्तीले आले पाहिजेत. तोवर सोडली तर मासोळी जळते.”

म्हणून रिकाम्या पाण्यात रोज चिमूटभर खाणं टाकायचं. ते कुजतं, आणि त्यावर न दिसणारे जीव वाढतात. मग नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. हिरवा रंग आला तर विष. पिवळा आला तर, ये बाई, घर तुझंच.

हे काम जमुनेनं आपणहून अंगावर घेतलं. तुळशीला पाणी घातलं की ती टाकीपाशी यायची. शेजारची रुख्मा दारातूनच हसायची, “कोणाले जेवू घालून राहिली वो? भुताले?”

“जे दिसत नाई, त्याइले,” जमुना म्हणायची.

आणि बसून राहायची त्या उजेडात, त्या बुडबुड्यांच्या गाण्यात. येणारीला घरासाठी तयार करतात, हे तिला ठाऊक होतं. येणारीसाठी घर तयार करतात, हे ती पहिल्यांदाच पाहत होती.

आज सकाळी नळी हिरवी निघाली होती. तिनं नवऱ्याला सांगितलंही. तरी तो गोंदियाला जाऊन मासोळ्या घेऊन आला.

“पाणी तयार नाई जी,” ती आता हळूच म्हणाली.

“तू चहाचं पाह्य.”

शामकला हसली. “टाका भाऊ, टाका. रुळते! आमची मोठी सून नाई का रुळली? आली तेव्हा रोज रडे. नोकरी करीन म्हणे, माहेरी जाईन म्हणे. आता तोंडातून शब्द नाई काढत.”

“पोटभर खायाले घालतो ना आम्ही!” दुर्गाप्रसादनं मांडीवर थाप मारली.

आतल्या दारात हर्षिता ट्रे घेऊन उभी होती. डोक्यावर पदर. शामकलाचं ऐकून तिचं पाऊल तिथंच थांबलं.

जमुना पुढं झाली. तिनं झाकणावर हात ठेवला.

“पिशवी इकडं द्या.”

“काऊन?”

“विषात सोडू नाई देत मी. मासोळीले नाई.” तिनं दाराकडं पाहिलं. “अन् पोरीलेही नाई.”

तिनं दुसरा हात पिशवीसाठी पुढं केला. लखनलालचा हात सैल पडला. पिशवी तिच्याकडं आली.

“बोलावून अपमान करता काय, भाऊ?” दुर्गाप्रसाद उठला.

लखनलालनं तोंड उघडलं. त्याचा राग सारं गाव ओळखत होतं. पण त्याच्या आधी जमुनाच बोलली, आणि आवाज असा निघाला की बांधावरून पल्याडच्या शेतात हाक जावी.

“अपमान नाई जी. तुमच्या मोठ्या सुनेले बोलू द्या. तिचा आवाज आमच्या कानी आला, तर आम्ही येऊ तुमचं घर पाहाले. तोवर नाई.”

“मोठी आली आमचं घर पाहाणारी!” शामकला पदर सावरत उठली.

चहा तसाच राहिला. अंगणात गाडी सुरू झाली, धूळ उडाली, बसली.

हर्षितानं ट्रे खाली ठेवला आणि आईला मिठी मारली. डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आला होता. “आई, तू बोलली वो! केवढ्यानं बोलली!” ती हसत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

जमुनेनं पिशवी लखनलालच्या हातात दिली. “दुकानवाल्याले म्हणा, ठेव सांभाळून. नळी पिवळी निघाली का घेऊन जाऊ.”

त्यानं पिशवी तान्ह्या लेकरासारखी कुशीत धरली. मोटारसायकलपर्यंत गेला. किल्ली लावली. मग तसाच उंबऱ्यापाशी परत आला. चेहऱ्यावर राग नव्हता. कधी न विचारलेलं विचारायला माणूस जसा उभा राहतो, तसा तो उभा होता.

“जमुना… तू तरी रुळली होती ना वो, आमच्या घरी?”

“नाई जी,” ती म्हणाली, आणि मोकळं हसली. “आज रुळली.”