मधली खुर्ची

"आई, तिला सांग, मला वाळू चालत नाही," मुलगा म्हणाला.

'तिला' म्हणजे सख्ख्या बहिणीला. ती आईच्या पलीकडच्या खुर्चीत बसली होती. हात जरा लांब केला असता तर त्याला तिचा कान धरता आला असता.

"दादाला वाळू चालत नाही," आईनं घोगऱ्या आवाजात पोचवलं.

"मग क्रूझला कशाला निघालाय म्हणावं. गच्चीवर टब भरून बसायचं."

"ती म्हणते, आपण काहीतरी मार्ग काढू."

टूर ऑफिसातली मुलगी टाइप करायची थांबली. "काकू, मला दोघांचंही ऐकू येतंय."

"मलाही येतं गं," आई म्हणाली. "पण आमच्याकडे हे असंच आहे."

मूळ वाक्य तिघांनाही ऐकू यायचं. पण आईच्या तोंडून आल्याशिवाय ते पोचलं असं धरायचं नाही, हा घरचा कायदा होता. आई वाटेत वाक्यं धुऊन, पुसून, घडी घालून पुढे द्यायची. तिचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. तिथं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की दोन टोकं जुळली की आपण बाजूला व्हायचं. घरात ती वेळच आली नव्हती.

आणि आता तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर काही आठवडे फिरा, खा, झोपा, काय वाटेल ते करा, पण एक शब्द बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलांना तिनं सर्दी झाल्याचं सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आत दोघांना एका बोटीत घालायचं आणि बोलतं करूनच उतरवायचं, एवढाच तिचा बेत होता. तो या घटकेला वाळूत रुतला होता.

"ही बघा," मुलीनं स्क्रीन वळवला. "रोज नवा किनारा. सगळ्यांत जास्त हीच जाते."

मुलानं स्क्रीनकडे असं पाहिलं की जणू त्यातूनही वाळू सांडेल. तो घड्याळं दुरुस्त करायचा. "तिला सांग, एक कण आत गेला की अख्खं घड्याळ बसतं."

"त्याला म्हणावं, तू घड्याळ नाहीयेस. घड्याळ निदान पुढे सरकतं."

"ती म्हणते, तू जपतोस ते बरोबरच आहे."

"त्याला विचार, पायांना पिशव्या बांधल्या तर चालेल का."

आईला इथं धुण्यासारखं काही सापडलं नाही. तिनं तसंच विचारलं.

"कुठल्या रंगाच्या, ते विचार," मुलगा म्हणाला.

बहिणीनं पर्स उचलली. ती पोहायला शिकवायची आणि तिला रागाच्या भरात उठून जायचं असलं की आधी खोल श्वास घ्यायची सवय होती. तिनं तो घेतला. आईचा हात आपोआप तिच्या मनगटावर गेला.

"बिनकिनाऱ्याची नाही का एखादी?" आईनं घाईघाईनं विचारलं. आवाज मधेच फाटला.

"आई, पाणी पी," दोघंही म्हणाली, पण एकमेकांकडे न बघता.

मुलगी बराच वेळ शोधत होती. "एक आहे. पण ती सहसा कुणी घेत नाही. सीझन संपला की बोट दुसऱ्या समुद्रात हलवतात. रिकामी कशाला न्यायची म्हणून थोडी माणसं घेतात. मधे कुठे थांबत नाही. किनारा नाही, वाळू नाही. नुसतं पाणी."

"निघते कधी?"

मुलीनं तारीख सांगितली. आईनं मनातल्या मनात हिशेब केला. ऑपरेशन होऊन गेलेलं असणार होतं. बोट निघाल्यापासून लागेपर्यंत तिला तोंड उघडायची बंदी असणार होती.

मुलाला आनंद व्हायला हवा होता. त्यानं स्क्रीन पुन्हा एकदा निरखला. मग थेट ऑफिसातल्या मुलीलाच म्हणाला, "मधे उतरता येत नाही?"

"कुठे उतरणार? समुद्र आहे."

"एकदाही?" बहिणीनं विचारलं.

"नाही."

पर्स हळूच परत मांडीवर आली.

"वाळूचं एवढं काही नसतं," मुलगा म्हणाला. "झटकली की जाते."

"बूट मिळतात," बहीण म्हणाली. "आत कण जात नाही असे."

"कुठे मिळतात?"

"आमच्या तलावाजवळच. आणते मी तुला. कितीचा लागतो?"

"आठचा. नऊचाच आण. मोजे घालीन."

आई मान वळवायची विसरली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिच्या डोक्यावरून चार वाक्यं सरळ गेली होती, तीही तिच्या बेतातून सुटण्यासाठी.

"मग पहिलीच करू ना, काकू? किनाऱ्यांची?" मुलीनं विचारलं.

आईनं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आताच सवय करायला काही हरकत नव्हती. तिनं हात लांब केला आणि कुठेच न थांबणाऱ्या बोटीवर बोट टेकवलं.

"आई?" मुलगा म्हणाला.

"आई, अगं बोल ना काहीतरी," बहीण म्हणाली.

आईनं दोन्ही हातांनी आपली खुर्ची धरली आणि फरशीवर करकरत भिंतीपर्यंत मागे नेली. आता त्या दोघांच्या मधे नुसती जागा होती.