रिकामी सकाळ

डायलिसिस विभागातल्या पाच मशिनींपैकी खिडकीजवळची सगळ्यात म्हातारी. तिचा पंप घरघरायला लागल्यापासून तंत्रज्ञ सिस्टरांच्या मागेच लागला होता. "एक सकाळ बंद ठेवू द्या. नीट उघडून दुरुस्त करतो, नाहीतर ऐनवेळी दगा देईल."

"आणि सकाळच्या काकूंना काय सांगू? आज रक्त घरीच धुऊन घ्या?" सगळ्या पाळ्या भरलेल्या, सिस्टर तरी काय करणार! काकू मशिनीवर थाप मारून हसायच्या. "राहू दे रे, आम्ही दोघी सांभाळून घेतो एकमेकींना." मग तो बापडा वरवरची डागडुजी करून परत जायचा.

आज सिस्टरांनी स्वतःहून फोन केला. "उद्या सकाळी घ्या मशीन उघडायला."

"सुटलो बुवा! काकूंची सोय दुसऱ्या मशिनीवर केलीत का?"



"काकू पहाटे गेल्या. घरीच, झोपेत."

त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"ऐकताय ना?" सिस्टर हळूच म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत जोडून द्या. त्यांच्या जागेसाठी थांबलेले काका आत्ताच येऊन बसलेत."