पंगतीखालची पंगत

मुलांनो, अशी कल्पना करा की दगडमाती काचेसारखी आरपार दाखवणारा दिवा दप्तरात मावतो. रेवा गोसावीने तो दौलतरावांच्या नव्या मंगल कार्यालयात, ऐन पंगतीत लावला. गोसाव्यांच्या शेतातल्या समाध्या बुजवून त्यांनी ते बांधलं होतं. "इथे समाध्या नव्हत्याच," असं तहसीलदारांना शपथेवर सांगितलंही होतं.

फरशीखाली रेवाच्या आजोबा-पणजोबांचे सांगाडे मांडी घालून बसलेले दिसले. गोसाव्यांना बसवूनच पुरतात. घास हातातच राहिले. पाहुणे म्हणून आलेले तहसीलदार ताट सारून फोटो काढू लागले.

"पोरी, विझव तो! माझ्या लेकीचं लग्न आहे गं," दौलतराव गयावया करू लागले.

रेवाने उजेड आणखी वाढवला आणि ती पंगतीला हात जोडून म्हणाली, "सावकाश होऊ द्या, मंडळी. खाली आमचीही माणसं बसलीत."