निनावी चिठ्ठी

मारतहळ्ळीच्या शाळेत समुपदेशक शलाकाने सातवीच्या वर्गाबाहेर एक पेटी ठेवली. मनातलं लिहा, नाव नको. दर सोमवारी एकाच वळणदार अक्षरातली चिठ्ठी हमखास निघायची: "मी वर्गात आले की सगळे गप्प होतात. डबा खायला मला कुणी बोलावत नाही."

शलाकाच्या जिवाला घोर लागला. कोण ही एकटी पोर? अक्षर ताडून बघायला तिने सातवीच्या सगळ्या वह्या मागवल्या. ढीग टेबलावर ठेवत शिपाई सयाजीअण्णा म्हणाले, "मॅडम, स्वल्प, थोड्या कमी चालल्या नसत्या?"

खरंच चालल्या असत्या.



तेच अक्षर पहिल्याच वहीत सापडलं, आणि मग प्रत्येक वहीत, लाल शाईच्या शेऱ्यात: "वर्गात फार बडबड. पालकांची सही आणावी."